शोधणाऱ्याला सापडावे म्हणून
(थोडक्या खर्चात वेबसाइट पुढे आणण्याविषयीच्या पुस्तिकेची प्रस्तावना)

ढोकीला गिऱ्हाईक आले ते वाटेने. बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी 1911 मध्ये तडवळ्याच्या पुढे लातूरपर्यंत धावू लागली आणि हे गाव रुळाला लागले. बार्शी–लातूर रस्त्यामुळे ते दोन मोठ्या पेठांच्या मधोमध आले. पुढे तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मराठवाड्यातल्या सुरुवातीच्या सहकारी कारखान्यांत त्याची गणना होते. गाळपाच्या हंगामात ऊसतोड मजूर, बैलगाड्या, ट्रॅक्टर, फिटर, खानावळी, किराणा असा सगळा पसारा त्याच्याभोवती जमायचा. मधली बरीच वर्षे कारखाना बंद राहिला, तेव्हा त्या पसाऱ्याला बसलेली झळ गावाने सोसली. धुराड्याच्या भरवशावर धंदा ठेवता येत नाही, गिऱ्हाईक लांबूनही आणावे लागते, हे इथल्या माणसाला तेव्हा पक्के कळले.

लांबचे गिऱ्हाईक आज पहिल्यांदा फोनला विचारते. पुण्याच्या माणसाला उस्मानाबादी बोकड हवा असतो, लातूरच्या शेतकऱ्याला सोयाबीनचे घरचे बियाणे हवे असते, मुंबईत राहणाऱ्या मुलाला गावाकडच्या लग्नासाठी मंगल कार्यालय पाहायचे असते. तिघेही दोन-तीन शब्द टाइप करतात किंवा बोलतात, समोर आलेल्या पहिल्या काही नावांवर नजर टाकतात आणि त्यातल्याच एकाला फोन लावतात. ज्याचे नाव त्या यादीत नाही, त्याचा माल कितीही चांगला असो, त्या गिऱ्हाइकापुरता तो बाजारात नाहीच.

हे कळलेल्या पुष्कळांनी वेबसाइट करून घेतल्या आहेत. कुणी पुतण्याकडून, कुणी लातूरच्या एखाद्या दुकानातून. वेबसाइट झाली, व्हिजिटिंग कार्डावर पत्ता छापला आणि गाडी तिथेच थांबली. गूगलवर शोधले तर ती सापडत नाही. मग एक दिवस फोन येतो, "महिना अमुक हजार द्या, तुम्हाला पहिल्या नंबरावर आणतो." एवढे पैसे आपल्याकडे नाहीत, म्हणजे हा खेळ आपला नाही, असे म्हणून माणूस नाद सोडून देतो. ही पुस्तिका त्या माणसासाठी आहे. मोठ्या कंपन्यांसाठी इंग्रजीत ग्रंथांचे ढीग आहेत. वर्षाला दहा हजार रुपयेसुद्धा विचार करून खर्च करणाऱ्या शेळीपालकाला, खव्याच्या भट्टीवाल्याला, शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकाला मराठीत समजावून सांगणारे फार थोडे आहे.

जे सांगायचे ते आधीच स्वच्छ सांगतो. शोधाच्या निकालात वरचे स्थान विकत मिळत नाही. ते स्वतःजवळची खरी माहिती, गिऱ्हाइकाच्या शब्दांत, नीट मांडल्याने मिळते. पैशाने त्यातले काही काम लवकर होते, इतकेच. ज्याच्याकडे पैसा थोडा आणि माहिती भरपूर आहे त्याची बाजू म्हणूनच वाटते तितकी लंगडी नाही. ढोकीसारख्या गावात माहिती भरपूर आहे. ती फक्त लिहिली गेलेली नाही.

शोधयंत्र काय करते

गूगलसारखे शोधयंत्र तीन कामे करते. त्याचे संगणक एका पानावरून दुसऱ्या पानावर दुव्यांच्या वाटेने फिरत राहतात. सापडलेल्या पानांवर काय आहे याची सूची ते करून ठेवतात. आणि कुणी प्रश्न विचारला की त्या सूचीतून सर्वांत उपयोगी वाटणारी पाने क्रम लावून पुढे ठेवतात. वेबसाइट दिसत नाही म्हणजे या तीनपैकी नेमके कुठे अडले आहे, हे आधी शोधायचे असते. यंत्र पानापर्यंत पोचलेच नसेल तर सुंदर मजकुराचा उपयोग नाही. पोचले पण पानावर वाचण्यासारखे काही नसेल, तर वेग वाढवून काही साधत नाही.

क्रम लावण्याची गूगलची मूळ कल्पना लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांची. कंपनी स्थापन झाली 1998 मध्ये. विद्वानांच्या लेखनात ज्या ग्रंथाचा हवाला पुष्कळांनी दिला तो महत्त्वाचा मानतात, तसेच ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवतात ते पान महत्त्वाचे मानावे, आणि बोट दाखवणारा स्वतः वजनदार असेल तर त्याचे मत जास्त धरावे, असा तो हिशेब. त्यानंतर शेकडो गोष्टींची त्यात भर पडली, पण दुसऱ्या कुणी विश्वासाने घेतलेले आपले नाव आजही मोलाचे आहे.

ढोकीच्या शेजारीच याचे दोन हजार वर्षांचे उदाहरण आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तगर नावाच्या मोठ्या बाजारपेठेचा उल्लेख येतो. तिथून कापड भडोचच्या बंदरात जायचे. टॉलेमीच्या भूगोलातही तगर आहे. पण हे तगर नेमके कुठले, यावर विद्वानांत मतभेद होते आणि निरनिराळ्या गावांची नावे पुढे केली जात होती. 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी ते आपले तेर असल्याचे मांडले. नावाचे बदलत गेलेले रूप, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांचे अंतर आणि जुन्या लेखांतले उल्लेख या गोष्टी त्यांनी जुळवल्या. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आज जे ठेवले आहे, ते पाहिल्यावर या गावाची थोरवी वेगळी सांगावी लागत नाही. तरीही जगाने विचारलेल्या नावाशी या गावाची गाठ पडायला विसावे शतक उजाडावे लागले. माल, मान, इतिहास सगळे जागेवर असूनही ओळख पटायला नाव, ठिकाण आणि इतरांचे उल्लेख जुळून यावे लागतात. स्थानिक धंद्यांचा क्रम कशावर ठरतो हे सांगताना गूगलही तीनच गोष्टी सांगते: विचारलेल्या गोष्टीशी संबंध, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि त्या धंद्याचा नावलौकिक.

आपली नावे, आपले शब्द

ढोकीतल्या माणसाला वेबसाइट लिहायला बसताच पहिली अडचण पत्त्याची येते. 2023 मध्ये उस्मानाबादचे अधिकृत नाव धाराशिव झाले. सरकारी कागद बदलले, पाट्या बदलल्या. पण शोधणारे लोक एका दिवसात बदलत नाहीत. कुणी धाराशिव टाइप करतो, कुणी जुन्या सवयीने उस्मानाबाद. आणि शेळीची जात मात्र उस्मानाबादीच आहे. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे ती याच नावाने नोंदलेली आहे आणि आंध्र, कर्नाटकातला खरेदीदार तिला याच नावाने ओळखतो. त्यामुळे पानावर दोन्ही नावे हवीत. अभिमान म्हणून धाराशिव लिहावे, आणि लोक शोधतात म्हणून एकदा उस्मानाबादही लिहावे. 'मु. पो. ढोकी, ता. जि. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद)' ही एक ओळ दोन्ही कामे करते. ढोकी नावाची गावे महाराष्ट्रात आणखीही आहेत. तालुका, जिल्हा आणि पिनकोड न लिहिणारा माणूस आपले गिऱ्हाईक दुसऱ्याच ढोकीला पाठवतो.

दुसरी गोष्ट भाषेची. गावातला माणूस 'बोकड' म्हणतो, जाहिरात करणारा 'ब्रीडर मेल' लिहितो. शोधणारा यातले काय म्हणतो? बहुतेक वेळा 'उस्मानाबादी बोकड किंमत', 'शेळीपालन माहिती', 'शेळी किती महिन्यांनी विते'. 2017 पासून गूगलला मराठीत बोलूनही विचारता येते, त्यामुळे टाइप न करणारे वडीलधारे आता पूर्ण वाक्यात विचारतात. कितीतरी लोक मराठीच पण रोमन अक्षरांत लिहितात. हे तिन्ही प्रकार लक्षात घेऊन मजकूर लिहायचा असतो. त्यासाठी महागडे साधन लागत नाही. गूगलच्या चौकटीत दोन शब्द टाइप करून थांबा, खाली येणाऱ्या सूचना वाचा, वहीत उतरवा. गूगल ट्रेंड्स फुकट आहे, त्यात महाराष्ट्रापुरता शोध कसा चढतो-उतरतो ते दिसते. पण सगळ्यांत उत्तम साधन म्हणजे आपल्याला येणारे फोन. गिऱ्हाईक फोनवर जे पाच-सात प्रश्न रोज विचारते, तेच प्रश्न बाकीचे शेकडो लोक गूगलला विचारत असतात. त्या प्रश्नांची यादी म्हणजे आपल्या वेबसाइटची अनुक्रमणिका.

तिसरी गोष्ट फक्त आपल्याकडचीच आहे आणि तिच्यामुळे मराठीचे फार नुकसान झाले आहे. डीटीपीवाल्याकडून आणलेला मजकूर पुष्कळदा श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फाँटमध्ये असतो. छापताना तो मराठी दिसतो, पण आत साठवलेला असतो रोमन खुणांत. युनिकोडमध्ये न बदलता तो वेबसाइटवर टाकला, तर शोधयंत्राला त्यात एकही मराठी शब्द दिसत नाही. याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे पोस्टर. सगळी माहिती एका रंगीत चित्रात बसवून तेच चित्र पानावर चिकटवायचे. माणसाला ते वाचता येते. यंत्र मात्र पानाचा विषय मुख्यतः टाइप केलेल्या मजकुरावरून ओळखते. आज मोबाइलचा कुठलाही मराठी कीबोर्ड युनिकोडमध्येच टाइप करतो. तेव्हा जुना मजकूर बदलून घ्या, नाहीतर पुन्हा टाइप करा. एक दुपार जाईल, पण एवढ्या कमी श्रमात एवढा फायदा दुसऱ्या कशात नाही.

एक पान जवळून

समजा, ढोकीजवळच्या एका वस्तीवर चाळीस शेळ्यांचा गोठा आहे आणि त्याची वेबसाइट आहे. पहिल्या पानाचे शीर्षक, म्हणजे शोधाच्या निकालात निळ्या अक्षरांत दिसणारी ओळ, आहे 'मुख्यपृष्ठ'. खाली लिहिले आहे, 'आमच्या वेबसाइटवर आपले सहर्ष स्वागत आहे. गुणवत्ता हेच आमचे ध्येय.' मग फोनवर काढलेले सहा फोटो, प्रत्येकी चार-पाच एमबीचे. शेवटी मोबाइल नंबर.

यात यंत्राला काय कळले? काहीच नाही. शेळी हा शब्दच पानावर नाही.

आता शीर्षक असे करा: 'उस्मानाबादी शेळ्या व बोकड विक्री, ढोकी, जि. धाराशिव'. त्याखालच्या दोन ओळींच्या वर्णनात शेळ्या कुठल्या वयाच्या मिळतात, लसीकरण झाले आहे का, गोठा पाहायला कधी यावे हे लिहा. पानावर स्वागताऐवजी थेट माहिती द्या. करडे किती महिन्यांची विकता, त्या वयात साधारण वजन किती भरते, भाव नगावर की जिवंत वजनावर. पीपीआर आणि आंत्रविषाराची लस कोणत्या महिन्यात टोचता. पावसाळ्यात चारा काय, उन्हाळ्यात काय. जुळी किती शेळ्या देतात, हे आपल्या गोठ्याच्या वहीतून. लांब न्यायच्या असतील तर गाडीत किती बसवाव्यात, वाटेत पाणी कधी द्यावे. हे सगळे त्या शेळीपालकाला तोंडपाठ असते. पुण्यात बसून पैसे घेऊन मजकूर लिहिणाऱ्याला यातले एक वाक्यही स्वतःच्या अनुभवाने लिहिता येणार नाही. पानाचा दर्जा जोखताना लिहिणाऱ्याचा प्रत्यक्ष अनुभवही पाहावा, असे 2022 च्या डिसेंबरपासून गूगलच्या मूल्यमापनाच्या सूचनांत आले आहे. गरीब गोठेवाल्याच्या बाजूने बोलणारी याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही.

फोटोंचे काम दहा मिनिटांचे. फुकट मिळणाऱ्या साधनाने प्रत्येक फोटो दीडशे-दोनशे केबीवर आणा. फाइलचे नाव कॅमेऱ्याने दिलेले आकडे न ठेवता त्यात काय आहे ते लिहा. फोटोसोबतच्या पर्यायी मजकुरात 'दोन वर्षांची उस्मानाबादी शेळी, जुळ्या करडांसह' असे साध्या भाषेत सांगा. ढोकीच्या आसपास शिवारात नेटची रेंज कशी असते ते सांगायला नको. बघणारा कमकुवत रेंजमध्ये असेल तर पान उघडण्याची वाट न पाहता परत फिरतो. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, हा गूगलने सांगितलेला चांगला वेग. पेजस्पीड इनसाइट्स या मोफत साधनात पत्ता टाकला की आपला वेग आणि अडचणीची जागा कळते. गूगल आता पानाची मोबाइलवर दिसणारी आवृत्तीच वाचते, म्हणून तपासणीही फोनवरच करायची.

पैसा कुठे, कष्ट कुठे

थोडक्या पैशांत काम करायचे तर खर्चाचा क्रम ठरवावा लागतो. डोमेन, म्हणजे वेबसाइटचे नाव, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्या. त्याला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास लागतात. ही एक गोष्ट दुसऱ्याच्या हाती ठेवू नका, कारण नाव ज्याच्या ताब्यात त्याच्या ताब्यात दुकान. साध्या होस्टिंगला काही हजार. वेबसाइट बांधायला वर्डप्रेस आहे. 2003 पासून चालत आलेले हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि मराठीतही चालते. पत्त्याच्या आधीचे कुलूप, म्हणजे सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र, लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते आणि बहुतेक होस्टिंगवाले ते एका बटणावर बसवून देतात. त्यासाठी कुणी वेगळे पैसे मागितले तर विचारा, कशासाठी?

यापुढचे जवळजवळ सगळे कष्टाचे आहे. गूगल बिझनेस प्रोफाइल मोफत आहे आणि दुकान, गोठा, गॅरेज, मंगल कार्यालय अशा जागेवर चालणाऱ्या धंद्याला वेबसाइटच्याही आधी ते करावे. नकाशावर खूण नेमकी लावा. वेळ, सुट्टीचा दिवस, फोन खरा ठेवा. पाटीवर जे नाव आहे तेच लिहा, त्यात 'सर्वोत्तम', 'स्वस्त' असे शब्द कोंबू नका, ते नियमात बसत नाही. गिऱ्हाइकाला अभिप्राय लिहायला सांगणे योग्य. त्याबद्दल सूट किंवा भेट देणे नियमाविरुद्ध. वाईट अभिप्राय आला तर शांतपणे उत्तर द्या. पुढचा वाचणारा तक्रारीइतकेच तुमचे उत्तरही वाचतो.

सर्च कन्सोल हे दुसरे मोफत साधन, आणि या पुस्तिकेचा कणाच ते आहे. आपल्या वेबसाइटची मालकी सिद्ध केली, पानांची यादी म्हणजे साइटमॅप दिला, की गूगलला आपली कोणती पाने माहीत आहेत, कोणती नाहीत आणि का नाहीत, हे कळते. लोकांनी काय शोधले तेव्हा आपले पान दिसले, किती वेळा दिसले, किती जणांनी उघडले, सरासरी कितव्या स्थानावर होते, हे मागच्या सोळा महिन्यांपर्यंतचे त्यात पाहता येते. समजा, 'उस्मानाबादी बोकड वजन' या शोधात तुमचे पान पुष्कळदा दिसते, पण उघडते कुणीच नाही आणि सरासरी स्थान बारा-तेरा आहे. म्हणजे लोकांना हे हवे आहे, गूगलला तुमचे पान जवळपासचे वाटते आहे, फक्त तुम्ही वजनाविषयी एकाच ओळीत आटोपले आहे. बोकडाला वजनकाट्यावर उभे करून महिनावार वजन लिहा, सोबत फोटो द्या, शीर्षकात 'वजन' हा शब्द आणा. महिन्याभराने पुन्हा तो अहवाल उघडा. बाजारात भाव पाहून माल न्यावा तसे हे काम आहे, आणि शेतकऱ्याला ते वेगळे शिकवावे लागत नाही.

आता दुसऱ्यांनी घेतलेल्या नावाविषयी, म्हणजे दुव्यांविषयी. हे विकत घेऊ नका. 2011 मध्ये अमेरिकेतल्या जेसी पेनी या नामांकित दुकानसाखळीसाठी असे दुवे जागोजागी पेरले गेल्याचे न्यूयॉर्क टाइम्सने उघड केले आणि गूगलने तिला निकालात खाली ढकलले. पुढच्याच वर्षी पेंग्विन नावाचा बदल आला आणि विकत घेतलेल्या दुव्यांवर उभ्या राहिलेल्या असंख्य वेबसाइट कोसळल्या. एवढ्या मोठ्या कंपनीलाही जे निभावले नाही, ते ढोकीच्या भट्टीवाल्याला कसे निभावणार? आपल्याला दुवे मिळण्याच्या खऱ्या जागा वेगळ्या आहेत. तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्राच्या कार्यक्रमात तुमच्या गोठ्याची माहिती दिली गेली, 'ॲग्रोवन'सारख्या शेतीच्या दैनिकात यशोगाथा आली, ज्या शेतकरी कंपनीचे तुम्ही सभासद आहात तिच्या पानावर सभासदांची यादी लागली, गावच्या शाळेला तुम्ही दिलेल्या मदतीची नोंद शाळेच्या पानावर आली, तर तिथे वेबसाइटचा पत्ता द्यायला नम्रपणे सांगा. असे पाच दुवे विकतच्या पाचशेंपेक्षा जास्त टिकतात, कारण त्यांच्यामागे घडलेली गोष्ट असते.

कशाच्या नादी लागू नये

पहिल्या नंबरची हमी देणाऱ्याला दारात उभे करू नका. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतः सांगते. पैसे घेऊन निकालात वर घेतले जात नाही, हेही सांगते. पैसे देऊन जे दिसते ती जाहिरात असते, तिच्यावर 'प्रायोजित' लिहिलेले असते आणि पैसे संपले की ती जाते. जाहिरात वाईट नाही. बकरी ईदच्या आधीचे काही आठवडे किंवा लग्नसराईच्या तोंडावर थोडी जाहिरात करणे शहाणपणाचे आहे. पण जाहिरातीचा खर्च आणि वेबसाइटचे स्थान या दोन वेगळ्या वह्या आहेत.

'कीवर्ड टॅग भरून देतो' म्हणणाऱ्यालाही पैसे देऊ नका. तो टॅग क्रम लावताना आपण पाहत नाही, हे गूगलने 2009 मध्येच जाहीर केले आहे. एकच शब्द पानभर घोळवणे, दुसऱ्याचा मजकूर उचलणे, प्रत्येक गावाच्या नावाने तेच पान पन्नासदा करणे, यंत्राकडून शेकडो पाने एका रात्रीत लिहून घेणे, या सगळ्यांना नियमांत मनाई आहे. 2024 च्या मार्चमध्ये हे नियम आणखी कडक झाले. यंत्राची मदत घ्यायला हरकत नाही, शुद्धलेखन तपासायला तिचा उपयोगही होतो. पण गोठ्यातली वजने आणि भट्टीतला अनुभव यंत्राकडे नाही. तो तुम्हीच द्यायचा.

2024 च्या ऑगस्टपासून भारतातही गूगल काही शोधांना वर स्वतःच तयार केलेले उत्तर दाखवू लागले. त्यामुळे काही लोक पानापर्यंत येणारच नाहीत, ही धास्ती खरी आहे. पण ते उत्तरही कुणाच्या तरी पानावरूनच तयार होते. 'शेळी म्हणजे काय' हे सांगणाऱ्या पानाचे वाचक कमी होतील. 'ढोकीत या आठवड्यात कोणत्या वयाची करडे मिळतील' हे सांगणाऱ्याचे कसे होतील? जे फक्त आपल्याला माहीत आहे ते लिहिणे, हा उपाय कालही होता आणि आज तो अधिक लागू आहे.

घाई मात्र करू नका. केलेल्या कामाचा परिणाम दिसायला चार महिने ते एक वर्ष लागते, असे गूगलच्याच जाणकारांनी सांगितले आहे. पेरल्या दिवशी उगवण पाहायला रान उकरू नये. महिन्यातून एक नवे पान, एका जुन्या पानाची दुरुस्ती आणि एकदा सर्च कन्सोल, एवढा नेम पुरे.

ही पुस्तिका कशी वापरावी

पुढची प्रकरणे कामाच्या क्रमाने लावली आहेत. आधी नाव, पत्ता आणि नकाशावरची नोंद. मग युनिकोड, शीर्षके आणि पहिली पाच पाने. त्यानंतर फोटो आणि वेग, मग सर्च कन्सोल वाचायला शिकणे, आणि शेवटी इतरांच्या पानांवर आपले नाव कसे यावे ते. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एका बैठकीत होण्याजोगे काम दिले आहे. ते केल्याशिवाय पुढे जाऊ नका. घरात दहावी-बारावीचे पोर असेल तर त्याला शेजारी बसवा, पण मजकूर तुम्हीच सांगा. टाइप करणे त्याला जमेल, गोठ्याची आणि भट्टीची माहिती तुमच्याकडे आहे.

ज्यांचा धंदा नाही त्यांनाही हे उपयोगी पडावे, अशी इच्छा आहे. संत गोरोबाकाकांच्या तेरला येणाऱ्या वारकऱ्याला मुक्कामाची सोय कुठे आहे हे मराठीत सांगणारे पान, तेरणेकाठच्या जुन्या मंदिरांची नीट माहिती, गावच्या वाचनालयातल्या पुस्तकांची यादी, आपल्या शिवारात कोणते वाण किती पावसात टिकले याची नोंद, या सगळ्याला शोधणारे आहेत. मराठीत विचारणाऱ्याला पुष्कळदा इंग्रजीचे यांत्रिक भाषांतर वाचावे लागते, किंवा वाऱ्यावरची माहिती. ती पोकळी मुंबई-पुण्याहून कुणी येऊन भरणार नाही. ती गावोगावच्या जाणत्या माणसांनीच भरायची आहे. त्यात व्यापार आहे, आणि भाषेची सेवाही आहे. दोन्हींची एकमेकांना अडचण होत नाही.

म्हणून शेवटी आग्रहाने एवढेच सांगतो. पहिल्या नंबराचा ध्यास घेऊन बसू नका. गिऱ्हाइकाने गेल्या आठवड्यात फोनवर विचारलेला एक प्रश्न निवडा आणि त्याचे पूर्ण, खरे, आकड्यांसह उत्तर आज लिहा. गावातल्या दहा जणांनी असे एकेक पान लिहिले तरी ढोकी शोधणाऱ्याला ढोकी दिसेल, आणि जो आधी दिसतो त्याच्यामागे शेजाऱ्याचेही गिऱ्हाईक येते. एका दुकानाची पेठ होत नाही. वेबवरची ढोकीची पेठ आपण सर्वांनी मिळून उभी करायची आहे, आणि त्यासाठी लागणारे बहुतेक भांडवल आपल्या घरात आधीपासून आहे.

ढोकी, ता. जि. धाराशिव